पाचशे प्रतींचा इतिहास

गावाच्या किंवा तालुक्याच्या इतिहासाची पुस्तकं आम्ही काढतो, पाचशेच्या आसपास प्रतींची. असं हस्तलिखित हाती आलं की आम्ही आधी त्याच्या तळटिपा वाचतो, मजकूर नंतर. तळटिपेत नुसतं ‘पेशवे दफ्तर’ असं असेल तर काम वाढलं, हे तिथेच कळतं. त्या दोन शब्दांखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात: पुण्याच्या पुराभिलेखागारातले मोडी कागदांचे मूळ रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातून निवडून छापलेले ४५ खंड. लेखकानं छापील खंड पाहिला असेल तर खंड आणि पत्र क्रमांक हवा. मूळ कागद पाहिला असेल तर रुमालाचा क्रमांक. ‘राजवाडे’ एवढ्याच उल्लेखाचंही तेच. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड आहेत, पहिला १८९८ चा. खंड आणि लेखांक दिल्याशिवाय ते पत्र कुणालाही सापडणार नाही. गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, म्हटलं तर जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनातलं इंग्रजी अमदानीतलं, की स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारनं काढलेलं? कुलाब्याचं जुनं १८८३ चं, पुण्याचं आणि साताऱ्याचं १८८५ चं. तीच गावं, तीच देवळं, त्याच जत्रा दोन्हीकडे येतात आणि आकडे मात्र वेगळे असतात.

म्हणून प्रत्येक संदर्भाला तीन गोष्टी जोडून मागतो. कागद आज कुठे आहे, कोणत्या क्रमांकावर आहे, आणि लेखकानं मूळ पाहिलं की नक्कल की छापील पाठ. तिसरी गोष्ट लेखकांना नकोशी वाटते, पण पुढे ज्याला तो कागद तपासायचा आहे त्याचे कित्येक दिवस तिच्यामुळे वाचतात. खासगी दफ्तरातला कागद असेल तर घराण्याचं नाव छापायला लेखी होकार घेतो आणि कागदाचं छायाचित्र स्वतःकडे ठेवतो, कारण खासगी दफ्तरं वाटणीत फुटतात, वाळवीत जातात, आणि दहा वर्षांनी फक्त ते छायाचित्र उरतं. तोंडी माहितीसाठी सांगणाऱ्याचं नाव, गाव, अंदाजे वय आणि नोंद केल्याची तारीख. जात्यावरच्या ओव्या असतील तर ओवी सांगणाऱ्या बाईंचं नाव त्या ओवीच्या खाली येतं, पुस्तकाच्या शेवटी ऋणनिर्देशाच्या गर्दीत नाही. याबाबत आम्ही तडजोड करत नाही.

यानंतर तारखा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १६९६ च्या माघातलं पत्र १७७५ चं असतं, १७७४ चं नाही. पौष महिना तर दोन इसवी सनांत विभागलेला, तिथे तिथी पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. जुन्या मराठी कागदांत येणारा सुहूर सन वेगळाच: तो मृग नक्षत्रावर सुरू होतो, त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. तो आकड्यांत कमी आणि अरबी शब्दांत जास्त लिहिलेला असतो. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, म्हणजे १०७५. त्यात ५९९ मिळवले की १६७४, राज्याभिषेकाचं वर्ष. आपली पद्धत बरोबर चालली आहे का हे पाहायला आम्ही हीच खूणगाठ वापरतो.

मोडी वाचनात ‘सबा’ म्हणजे सात आणि ‘सबैन’ म्हणजे सत्तर यांची अदलाबदल होते, तशीच ‘सीत’ (सहा) आणि ‘सितैन’ (साठ) यांची. ‘मया’ म्हणजे शंभर. ‘सबा सितैन मया व अलफ’ हे ११६७, म्हणजे १७६६-६७. ‘सीत सबैन मया व अलफ’ हे ११७६, म्हणजे १७७५-७६. वाचताना दोन अक्षरं इकडची तिकडे झाली आणि पत्र नऊ वर्षं पुढे सरकलं. थोरल्या माधवरावांच्या काळातला हुकूम सवाई माधवरावांच्या काळात गेला. पत्रात ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याची चंद्रतारीख दिलेली असली तर ती जंत्रीवर, म्हणजे जुन्या तारखांच्या तक्त्यावर, ताडून पाहतो. वार दिला असेल तर उत्तमच. वार जुळला नाही की वाचन पुन्हा.

उत्तर कोकणावर लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. पोर्तुगीजांनी १५८२ मध्ये नवी (ग्रेगोरियन) कालगणना स्वीकारली, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे चौल, रेवदंडा, वसई इथल्या एकाच घटनेची तारीख पोर्तुगीज कागदात आणि इंग्रज वखारीच्या पत्रात सतराव्या शतकात दहा दिवसांनी, १७०० नंतर अकरा दिवसांनी वेगळी येते. आपल्याकडे राज्याभिषेकाची म्हणून रूढ असलेली ६ जून १६७४ ही तारीखही जुन्या कालगणनेची आहे. नव्या गणनेनं ती १६ जून होते. लेखकानं दोन साधनांतल्या दोन तारखा पाहून ‘हल्ला दहा दिवस चालला’ असं लिहिलं, तर ते चूक आहे हे पकडणं संपादकाचं काम. आमचा नियम असा की मूळ मिती मजकुरात राहते आणि रूपांतर कंसात जातं. मूळ मिती काढून नुसती इंग्रजी तारीख कधीच नाही. रूपांतर चुकलं तरी मूळ हाताशी असलं की वाचक ते दुरुस्त करू शकतो.

शिलालेखांबाबतही असंच. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचा शक ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं वाचन प्रसिद्ध आहे, पण त्यावर मतभेद आहेत. तेव्हा ‘मराठीतला सर्वांत जुना’ असं ठोकून लिहिण्यापेक्षा वाचन कुणाचं आणि वाद कशावर, हे लिहायला सांगतो. गावातल्या झिजलेल्या शिळेचा फोटो भर दुपारी काढला तर अक्षरं दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, किंवा रात्री एका बाजूनं तिरपा प्रकाश टाकून काढला की रेघा उठून येतात. शिळेवर पीठ, खडू किंवा तेल लावून अक्षरं उठवू नयेत, दगड बिघडतो. गद्धेगाळ (शापवचनाची शिळा) आणि वीरगळ (वीराची स्मारकशिळा) यांच्या फोटोंत शेजारी मोजपट्टी हवीच, आणि शिळा आज नेमकी कुठे आहे याची नोंद हवी, कारण देवळाचा जीर्णोद्धार निघाला की त्या पायरीत नाहीतर ओट्यात बसवल्या जातात.

सांस्कृतिक भागात सर्वांत सांभाळून वाचावं लागतं ते प्रकरण मानपानाचं. पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीचा पहिला मान कुणाचा, नारळ कोण ठेवतो. लेखक एका घरी बसून माहिती घेतो आणि त्या घरचं म्हणणं ‘परंपरा’ म्हणून लिहितो. गावात त्यावर आधीच भांडण असतं, कधी दावाही चालू असतो, आणि छापील पुस्तक पुरावा म्हणून पुढे केलं जातं. म्हणून असा मजकूर ‘अमुक घराण्याच्या सांगण्यानुसार’ अशा शब्दांत जातो, दुसऱ्या बाजूचं म्हणणंही शेजारी येतं, आणि इनामपत्र किंवा निवाडा असेल तर त्याचा पाठ जसाच्या तसा छापला जातो. जातीवाचक जुने शब्द मूळ कागदात असतील तर अवतरणात तसेच ठेवतो. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात ते येऊ देत नाही.

जुनं, दुर्मीळ पुस्तक पुन्हा काढायचं असेल तर वाट वेगळी. आधी हक्क, म्हणजे कॉपीराइट. भारतात लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क चालतो. वि. का. राजवाडे १९२६ मध्ये गेले, त्यांच्या लेखनाबद्दल प्रश्नच नाही. सरदेसाई १९५९ मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०२० पासून मुक्त झालं. सेतुमाधवराव पगडी १९९४ मध्ये गेले, म्हणजे २०५५ पर्यंत थांबायचं किंवा वारसांकडे जायचं. इथे एक चूक वारंवार होते. मूळ लेखक मुक्त झाला म्हणून हाताशी असलेली नवी आवृत्ती जशीच्या तशी स्कॅन केली जाते. तिची प्रस्तावना, टिपा आणि सूची दुसऱ्या संपादकाच्या असतात आणि त्यांचा हक्क वेगळा चालू असतो. म्हणून लेखकाच्या हयातीतली जुनी प्रत शोधायची आणि तिच्यावरूनच काम करायचं. चित्रांचा आणि छायाचित्रांचा हक्कही लेखकाच्या हक्काबरोबर आपोआप सुटत नाही. वारसांची संमती घ्यायची तर सगळ्यांची. चार भावंडांपैकी एकाच्या सहीवर पुस्तक काढलं की उरलेल्या तिघांची नोटीस येऊ शकते. वारस सापडतच नसतील तर कॉपीराइट कायद्यातल्या ३१अ कलमानं वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन परवाना मागता येतो. तो मार्ग वेळखाऊ आहे, पण ‘कोण विचारतंय’ म्हणून छापण्यापेक्षा बरा.

स्कॅनिंगसाठी जुन्या पुस्तकाची बांधणी उसवायची नाही. उताणं दाबून धरलं तर वाळलेला सरस तुटतो आणि मधली पानं सुटतात. व्ही-आकाराच्या आधारावर, साधारण ९० ते १२० अंशांत उघडून, वरून कॅमेऱ्यानं टिपणं सुरक्षित. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हे किमान, बारीक टाइपाच्या तळटिपा असतील तर ४००, नकाशे आणि रेखाचित्रं ६०० वर. डेमी आकाराचं (साडेपाच बाय साडेआठ इंच) एक रंगीत पृष्ठ ४०० डीपीआयवर न दाबलेल्या टिफमध्ये सुमारे २२ एमबी होतं, ३०० पृष्ठांचं पुस्तक साडेसहा जीबी. ही मूळ टिफ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवतो. स्वच्छ केलेली काळीपांढरी पीडीएफ ही फक्त वाटायची प्रत. काळेपणा वाढवताना अनुस्वार आणि रफार उडतात, आणि मूळ नसेल तर ते परत आणता येत नाहीत.

अक्षर ओळखणाऱ्या आज्ञावली, त्यात मोफत मिळणारी टेसरॅक्टही आली, आता मराठी बरीच बरी वाचतात. तरी खिळ्यांच्या छपाईवर घ-ध, भ-म, थ-य, ष-प, ब-व या जोड्या फसतात, तुटलेली वेलांटी गायब होते, आणि आकड्यांत १ व ९ ची गल्लत होते. मजकुरातली चूक वाचताना डोळ्याला खुपते, आकड्यातली खुपत नाही. म्हणून सगळे आकडे वेगळे काढून दोघांनी तपासायचे: एकानं मूळ पुस्तकातून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफावर खूण करायची. महसुलाचे तक्ते असलेल्या पुस्तकाला या एका कामासाठी आठवडा धरून ठेवावा.

नव्या हस्तलिखिताच्या अडचणी वेगळ्या. लेखकाची फाइल युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टात असेल तर रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं फुटतात, आणि सर्वांत जास्त मार बसतो तो अर्ध्या ऱ ला. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र; सह्याद्रीवरच्या पुस्तकात ‘दर्याखोरी’ छापलेलं आम्ही पाहिलं आहे. शोधा-आणि-बदला करून सरसकट सुधारायला जाल तर ‘आचार्यांचा’ मठ ‘आचाऱ्यांचा’ होतो. हे एकेक पाहूनच करावं लागतं. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा संयोजक, म्हणजे जोडाक्षरं जुळवणारी सोय, चालू नसेल तर सगळी जोडाक्षरं पाय मोडून दिसतात. इनडिझाइनमध्ये त्याला ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ म्हणतात, आणि तो प्रत्येक परिच्छेदशैलीत निवडावा लागतो. तळटिपांच्या शैलीत निवडायचा राहून जातो आणि चूक नेमकी तिथे उरते. फॉन्ट निवडताना मराठी वळणाचा ल आणि श, तसंच मोडीतून आलेल्या नावांतली दुर्मीळ जोडाक्षरं आधी टाइप करून पाहायची.

नकाशा शेवटी करायचं म्हणून ठेवला की राहतो किंवा घाईत बिघडतो. तालुक्याच्या पुस्तकाला तो हवाच: जुने घाट, बंदरं, ठाणी, आजच्या गावांच्या नावांसह. आधार म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घ्यावा. देशाची बाह्य सीमा दाखवायची असेल तर ती अधिकृत नकाशाप्रमाणेच हवी, ती चुकीची छापणं कायद्यानं गुन्हा आहे. इंटरनेटवरून उचललेल्या नकाशावर नावं चिकटवायची नाहीत. एक तर हक्काचा प्रश्न, आणि दुसरं म्हणजे पडद्यावरचा ७२ डीपीआयचा नकाशा कागदावर धुरकट येतो.

सूचीशिवाय पुस्तक छपाईला सोडू नये, असं आमचं ठाम मत आहे. स्थानिक इतिहासाचं पुस्तक सलग वाचणारे थोडे. बहुतेक जण आपलं गाव, आपलं आडनाव, आपलं दैवत शोधायला ते उघडतात. गावांची, व्यक्तींची आणि विषयांची अशा तीन सूच्या केल्या तर उत्तम. एका गावाची रूपं एकत्र आणावी लागतात: चौल, चेऊल आणि इंग्रजी कागदांतलं आणखी एखादं रूप, बाणकोट आणि फोर्ट व्हिक्टोरिया. एकाच नावाची दोन गावं असतील तर कंसात तालुका. पृष्ठ क्रमांक घालायचे ते मांडणी पूर्ण गोठल्यावरच. त्यानंतर कुणी प्रस्तावनेत दोन परिच्छेद वाढवले की पुढची सगळी पानं सरकतात आणि सूची खोटी ठरते. म्हणून प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि प्रकाशकाचं मनोगत यांना वेगळे क्रमांक देतो: एक, दोन, तीन असे अक्षरी. ते कितीही वाढले तरी मूळ मजकुराचं पृष्ठ १ हलत नाही. अडीचशे पृष्ठांच्या पुस्तकाची सूची नीट करायला पंधरा दिवस लागतात.

छपाईचं गणित फर्म्यानं चालतं, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या पृष्ठांच्या गठ्ठ्यानं. डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचात, एक फर्मा १६ पृष्ठांचा. २५६ पृष्ठं म्हणजे बरोबर १६ फर्मे. २६० झाली की चार पृष्ठांसाठी वेगळी प्लेट, वेगळा कागद, आणि शिलाईत एक पातळ तुकडा. तेव्हा मांडणी करतानाच फर्म्यावर बसवायचं. साधारण ३०० प्रतींच्या खाली डिजिटल छपाई परवडते, ५०० च्या वर ऑफसेट. मधल्या संख्येला दोन्हींचे दर मागवावेत. आतल्या पानांना ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) नॅचरल शेड मॅपलिथो कागद डोळ्यांना सोसतो, पांढऱ्याशुभ्र कागदाची झळाळी लांबलचक वाचनात त्रास देते. छायाचित्रं चांगली असतील तर एक फर्मा आर्ट पेपरवर वेगळा घ्यावा. मॅपलिथोवर शिळेचा फोटो काळपट येतो, छपाईत शाई पसरते. मुखपृष्ठाला ३०० जीएसएमचं आर्टकार्ड, मॅट लॅमिनेशन.

कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर हवा. आडवा लागला तर पावसाळ्यात पानं लाटा धरतात आणि पुस्तक मिटत नाही. हे छापून झाल्यावर दुरुस्त होत नाही, कागद कापायच्या आधीच मुद्रकाशी बोलावं लागतं. बांधणी फर्मे शिवून. नुसत्या डिंकाच्या परफेक्ट बांधणीत थोडे पैसे वाचतात, पण संदर्भाचं पुस्तक शेकडो वेळा उघडलं जातं आणि ग्रंथालयातल्या प्रतीची पानं दोन वर्षांत हातात येतात. कण्याची जाडी अंदाजानं धरू नये. २५६ पृष्ठं म्हणजे १२८ पानं, ७० जीएसएममध्ये साधारण ११ ते १३ मिलिमीटर, पण कागदाच्या गिरणीनुसार फरक पडतो; त्याच कागदाची शंभर कोरी पानं दाबून मोजपट्टीवर पाहायची आणि मग मुखपृष्ठ अंतिम करायचं. कण्यावर नाव छापायचंच, नाहीतर ग्रंथालयाच्या फळीत पुस्तक हरवतं. पहिला फर्मा मशीनवर चढताना आपल्यापैकी एकानं तिथे हजर राहावं: पृष्ठांचा क्रम, शाईचा काळेपणा आणि पाठपोट ओळी जुळतात का, एवढं पाहायला तासभर लागतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नयेत. साध्या बांधणीला, पक्क्या बांधणीला आणि ई-पुस्तकाला वेगवेगळा क्रमांक लागतो. जुन्या पुस्तकाच्या पुनर्मुद्रणात मूळ आवृत्तीचं साल, मूळ प्रकाशकाचं नाव आणि आपण काय बदललं हे शीर्षकपृष्ठाच्या मागे यायला हवं. नुसतं ‘प्रथमावृत्ती’ छापलं तर पुढचा अभ्यासक १९१० चं पुस्तक आजचं समजतो.

प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत चार प्रती स्वखर्चानं पाठवायच्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमरा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. १९५४ चा कायदा हे बंधनकारक करतो, तरी पुष्कळ छोटे प्रकाशक ते करत नाहीत. आम्ही ते काटेकोरपणे करतो. ५०० प्रतींचं पुस्तक पंधरा वर्षांत बाजारातून नाहीसं होतं, आणि त्यानंतर कुणाला ते लागलं तर या चार फळ्यांवर शोधता येतं. याशिवाय पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, जवळच्या विद्यापीठाचा इतिहास विभाग, आणि तालुक्यातलं प्रत्येक सार्वजनिक वाचनालय. ज्यांच्याकडून कागद, फोटो किंवा ओव्या मिळाल्या त्यांना प्रत्येकी एक. अशा साठ-सत्तर प्रती विक्रीच्या हिशेबातून आधीच वजा कराव्यात, म्हणजे मागाहून देताना हात आखडत नाही.

विक्रीचं थोडक्यात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. विक्रेता २५ ते ४० टक्के सवलत मागतो, वितरक त्याहून अधिक, आणि पैसे सावकाश येतात. म्हणून किंमत उत्पादनखर्चाच्या चौपटीच्या आसपास ठेवावी लागते. प्रकाशनपूर्व सवलत योजना हा या पुस्तकांचा खरा आधार: दोन महिने आधी गावोगावी निरोप गेला आणि दीडशे जणांनी पैसे भरले तर कागदाचा खर्च निघतो. पण दिलेली तारीख पाळलीच पाहिजे. जत्रा, यात्रा, शाळेचं शतकमहोत्सवी स्नेहसंमेलन, मुंबई-पुण्यातल्या गावकऱ्यांच्या मंडळाची सभा, इथे पुस्तकं हातोहात जातात. शहरातल्या मोठ्या दुकानात ती मागच्या फळीवर जातात. टपालासाठी १ मे २०२५ पासून सुरू झालेली ज्ञान पोस्ट उपयोगी आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. २५६ पृष्ठांचं डेमी पुस्तक ७० जीएसएमवर २९० ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि पुठ्ठ्याचं वेष्टन घातलं की ३०० ओलांडून वरच्या टप्प्यात जातं. २४० पृष्ठांत बसवता आलं तर तिथे फरक पडतो. कोपरे दुमडू नयेत म्हणून पुठ्ठा मात्र वाचवायचा नाही.

छापील प्रती संपल्या की, किंवा लेखकाची हरकत नसेल तर वर्षभरात, पीडीएफ खुली करतो. लेखकाशी करार करतानाच हे लिहून घेतलेलं असतं: कोणत्या खुल्या परवान्याखाली, कधीपासून, आणि आतल्या कुठल्या छायाचित्रांना तो लागू नाही. पीडीएफ चढवण्याआधी एक चाचणी करायची. तिच्यातला एक परिच्छेद उचलून साध्या मजकूर-फाइलीत चिकटवायचा. जुन्या फॉन्टातली पीडीएफ असेल तर निरर्थक रोमन अक्षरं येतात; युनिकोडमधली असली तरी कधीकधी वेलांट्या जागा सोडतात. डोळ्यांना पान स्वच्छ दिसतं आणि शोधयंत्राला त्यात गावाचं नाव सापडत नाही. म्हणून पीडीएफबरोबर ईपब किंवा साधी मजकूर-फाइलही ठेवतो. इंटरनेट आर्काइव्हवर चढवताना फाइलीचं नाव रोमन अक्षरांत, शीर्षक देवनागरीत, वर्णनात दोन्ही लिप्यांत गावांची आणि तालुक्याची नावं, आणि भाषेच्या रकान्यात मराठी. ‘बुक१’ नावानं चढवलेली शेकडो चांगली पुस्तकं तिथे पडून आहेत आणि ती कुणाला सापडत नाहीत.

मराठी विकिस्रोतावर, म्हणजे स्वयंसेवक चालवत असलेल्या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात, जुनं पुस्तक नेण्याचा फायदा असा की पानागणिक मुद्रितशोधन होतं: एकानं तपासलेलं पान पिवळं, दुसऱ्यानंही तपासलं की हिरवं. पण स्कॅन ज्या विकिमीडिया कॉमन्सवर ठेवतात तिथे पुस्तक भारताबरोबर अमेरिकेतही मुक्त असावं लागतं. लेखक १९४१ पूर्वी गेले असतील तर सहसा अडचण येत नाही. राजवाड्यांची पुस्तकं जातात. सरदेसायांची उत्तरायुष्यात प्रसिद्ध झालेली पुस्तकं भारतात मुक्त असूनही तिथून काढली जाऊ शकतात, कारण अमेरिकेत ती प्रकाशनापासून ९५ वर्षं बंद राहतात. महिनाभर खपून चढवलेलं काम असं उडालं की स्वयंसेवक पुन्हा येत नाहीत, म्हणून हे आधी पाहायचं.

पुस्तक बाहेर पडल्यापासून सहा महिन्यांत दुरुस्त्या येऊ लागतात. येतात त्या गावातूनच: पाणवठ्याचं नाव चुकलं, अमुक पाटलांचा मुलगा नव्हे पुतण्या, देवीची यात्रा पौर्णिमेला नसून वद्य प्रतिपदेला. कोऱ्या पानांसह बांधून घेतलेली एक प्रत आम्ही त्यासाठी ठेवतो. प्रत्येक दुरुस्ती कुणी कळवली आणि कशाच्या आधारानं, हे तारखेसह समोरच्या कोऱ्या पानावर येतं. पडताळलेल्या दुरुस्त्यांचं शुद्धिपत्र छापून शिल्लक प्रतींत चिकटवतो, सैल ठेवत नाही, कारण सैल चिठ्ठी पहिल्याच वाचकाच्या हातून पडते. खुल्या पीडीएफच्या पहिल्या पानावर तेच शुद्धिपत्र तारखेनं जोडलं जातं आणि जुनी फाइलही तशीच ठेवली जाते, म्हणजे आधी कुणी तिचा हवाला दिला असेल तर तो तपासता येतो. दुसरी आवृत्ती या कोऱ्या पानांच्या प्रतीवरून जुळवायची.